कोरड्या आट्यांचा अडॅप्टर

नंदनवन, नागपूर
रविवार, दि. २४ ऑगस्ट २०२५. सकाळी ६ वाजून १० मिनिटे.

ताई,

आत्ता मी बाबांच्या मधल्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलो आहे. ९१ दाखवतो आहे. बाबा झोपेत आहेत. ही नोंद मी रोज बरोबर सहाला करतो. आज वही पलंगाखाली गेली होती, म्हणून दहा मिनिटे उशीर झाला.

तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या मेसेजला एकच टिक येते, म्हणजे मला बंद केलेले आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पत्र बंद करता येत नाही म्हणून पत्र लिहितो. वाचायचे की नाही ते तू ठरव.

घरात एक नवीन वस्तू आली आहे. दुसऱ्या कुणाकडून कळले तर तू वेगळा अर्थ घेशील, म्हणून मीच सांगतो.

तू जानेवारीत यमुआत्याच्या नावावर पाठवलेले ऑक्सिजनचे कॉन्सन्ट्रेटर उत्तम चालू आहे. जाळी दर शुक्रवारी धुतो. पण त्याची नळी साडेसात मीटर आहे. तेवढ्या नळीत बाबा ओट्यापर्यंत येतात. ओट्याच्या दोन पायऱ्या त्यांना उतरता येत नाहीत, कारण तिथे नळी संपते. जानेवारी ते मार्च ते रोज संध्याकाळी पाच वाजता ओट्यावर येऊन उभे राहत आणि चौकाकडे बघत. चौकातल्या टपरीवर धम्मानंदकाका बसतात. कळमेश्वरच्या कारखान्यात एकतीस वर्षे बाबांच्या शेजारच्या लेथवर होते तेच.  बाबा उभे राहत आणि परत आत येत.

बाहेर जायला खांद्यावर अडकवायचा लहान सिलेंडर लागतो. तो मिनिटाला दोन लिटरच्या वेगाने दोन तास पुरतो. प्लांटवर तो भरायला २२० रुपये पडतात, पेट्रोल ६०. शिवाय माझी अर्धी हजेरी जाते. रोज बाबांना चौकात न्यायचे म्हटले तर माझ्या पगारात बसत नाही. आठवड्यातून एकदा बसते.

मोठ्या सिलेंडरला जम्बो म्हणतात. तो प्लांटचा माणूस घरी आणून ठेवतो, ६५० रुपयांत. जम्बोचे तोंड आणि लहान सिलेंडरचे तोंड वेगवेगळे असते. ती जुळवणारा पितळी अडॅप्टर मिळतो. ९ ऑगस्टला तो कुरियरने आला. मोठ्यातून लहानात हवा आपोआप जाते, दोन्हींचा दाब सारखा होईपर्यंत. कागदावर एका जम्बोत एकोणतीस लहान भरायला हवेत. प्रत्यक्षात नीट असे चौदाच भरतात. तरीही एक भरती ४६ रुपये ४३ पैशांना पडते.

आता रोज पाचला बाबा पायऱ्या उतरतात.

काल मारबतीची मिरवणूक होती. बाबा म्हणाले, "पाच वर्षं झाले, पाहिली नाही." मी दोन लहान सिलेंडर घेतले, धम्मानंदकाकांनी ऑटो आणला. ते बाबांच्या खांद्यावरची पिशवी बघून म्हणाले, "काय गा कवडू, तू तं गॅसवर चालून राहिला! अन् मांगं स्टेपनी बी!"

शहीद चौकाच्या अलीकडे एका दुकानाच्या सावलीत बाबांना खुर्ची मिळाली. पिवळ्या मारबतीचा पुतळा पुढून गेला तेव्हा सगळे 'इडापिडा घेऊन जा गे मारबत' असे ओरडत होते तसे बाबाही ओरडले. आवाज फुटला नाही, पण ओठ दिसले. "माह्या छातीतला कफ घेऊन जा वं बाई!"

धम्मानंदकाका म्हणाले, "तेवढा घेऊन गेली तं तुह्याजवळ राहीन काय?"

बाबा इतके हसले की मला आकडा बघावा लागला. ८८. मिनिटभरात ९० वर आला.

एवढेच सांगायचे होते. उत्तराची घाई नाही.

अंकित

*

शुक्रवार, दि. १२ सप्टेंबर २०२५. दुपारी २ वाजता, दुकानात, जेवणाच्या सुट्टीत.

ताई,

तुझा निरोप आत्याकडून मिळाला. तिने तो जसा दिला तसा इथे लिहितो, काही सुटले असेल तर कळेल.

"तिनं म्हटलं, ते मशीन आजच्या आज घराबाहेर काढ म्हणा. म्हटलं, हवा भरनं म्हंजे सायकलचा पंप होय का? म्हटलं, आमच्या हॉस्पिटलात बी हे काम कोणी करत नाही, त्याचे लायसन असते. अजून लय बोलली. मी म्हटलं, वं बाई, तू त्याले बोल ना, मले पोस्टमन काहून करून राहिली? तं फोन ठेवला."

तू नर्स आहेस, तुला माझ्यापेक्षा जास्त कळते. धोका आहे हे मला मान्य आहे. म्हणून मी नियम केले आहेत. मी फ्लेक्सच्या दुकानात काम करतो, तेव्हा तीन बाय दोनचा फ्लेक्स छापून मागच्या खोलीत लावला आहे. भरताना बाबा पुढच्या खोलीत. गॅसची शेगडी बंद. देवाजवळचा दिवा विझलेला. खिडकी उघडी. हात साबणाने धुतलेले. सहावा नियम सगळ्यांत मोठ्या अक्षरांत आहे: तेल, तूप, ग्रीस यांचा थेंबही अडॅप्टरच्या आट्यांना लागू नये. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल स्वतःहून पेट घेते, काडी लागत नाही. हे मी वाचून पाठ केले आहे.

बाबांनी फ्लेक्सवरचा आट्यांचा नियम वाचला. म्हणाले, "चुडीले तेल नाही? कोरडी चुडी घासते, बाप्पा. चाळीस वर्ष मी कोरड्या चुडीवर नट नाही चढवला." मी त्यांना कारण समजावले. ते म्हणाले, "तुह्या पुस्तकात असंन."

तू आत्याला आणखी एक वाक्य म्हणालीस. तिने ते मला सांगितले नाही, पण फोन स्पीकरवर होता आणि मी मोरीत हात धूत होतो. तू म्हणालीस, "एक माणूस त्याच्या हातात दिलं होतं. दुसरं देणार नाही. बाबांना मी पुण्याला आणते."

यावर मला लिहायचे आहे. चार वर्षांत लिहिले नाही. जेवणाची सुट्टी अजून पंचवीस मिनिटे आहे.

२० एप्रिल २०२१. तू पुण्यात कोविड वॉर्डात होतीस, तुला रजा नव्हती. तू आदल्या रात्री फोनवर म्हणालीस, आईला दवाखान्यात ने. मी म्हणालो, खाट कुठेच नाही, मी घरीच ऑक्सिजन आणतो. हा निर्णय माझा होता. मी एकोणीस वर्षांचा होतो. ही सबब नाही, वय लिहिले.

ओळखीतून एक लहान सिलेंडर मिळाला होता, रिकामा. पहाटे पाचला मी प्लांटच्या रांगेत उभा राहिलो. माझा नंबर २१२ होता. दुपारी सव्वादोनला माझा नंबर आला. भरणाऱ्याने सिलेंडरचे तोंड बघितले आणि बाजूला ठेवले. म्हणाला, "हे आपल्या नळीले बसत नाही. याचा अडॅप्टर वेगळा असते. आमच्याकडं नाही. दुकानं बंद हायेत. पुढं व्हा." मी पुढे झालो. सव्वानऊ तासांत मी एकदाही सिलेंडरचे तोंड आणि नळीचे तोंड बघितले नव्हते. रांगेतून नळी दिसत होती.

आई पाचला दहा कमी असताना गेली, हे तुला माहीत आहे. मी घरी साडेपाचला पोचलो, हेही माहीत आहे. प्लांटपासून घर पन्नास मिनिटांवर आहे. मधला वेळ कुठे गेला असे तू तेराव्याला विचारलेस. मी म्हणालो, पोलिसांनी अडवले. पोलिसांनी अडवले नव्हते. मी प्लांटच्या भिंतीमागे रिकामा सिलेंडर घेऊन बसून होतो. फोन आले तरी उचलले नाहीत. रिकामा परत आलो हे तुला सांगायचे नव्हते. म्हणजे सांगण्याची वेळ येऊ नये असे वाटत होते.

हे झाले.

आता तू म्हणशील, म्हणूनच अडॅप्टर. असेलही. मी त्याचा फार विचार करत नाही. मी दोन्ही सिलेंडरची तोंडे मोजपट्टीने मोजून तो मागवला आणि पहिल्याच वेळी बसला.

दुकानाचे मालक आले आहेत. थांबतो.

अंकित

*

शुक्रवार, दि. ३ ऑक्टोबर २०२५. सकाळी ११ वाजता.

ताई,

आत्याने तुला फोनवर सांगितलेच आहे. तिच्या सांगण्यात आग मोठी झाली असेल. तेवढी नव्हती. नीट लिहितो.

१ ऑक्टोबर, बुधवार, खांडेनवमी. दुपारी ४ वाजून २५ मिनिटे. दुसऱ्या दिवशी दसरा, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन. धम्मानंदकाका आणि त्यांच्या वस्तीतली माणसे दर वर्षी तिथे येणाऱ्यांना जेवण वाढतात. बाबा त्यांच्या स्टॉलवर पाण्याच्या ड्रमजवळ बसत. कारखान्यात असल्यापासूनची रीत आहे. दोन वर्षे जमले नव्हते, या वर्षी जायचे ठरले होते. त्यासाठी दोन लहान सिलेंडर भरलेले हवे होते. प्लांट दोन दिवस बंद होता.

मी जम्बोची चावी थोडी फिरवली. अडॅप्टरमधून आवाज आला, मग पांढरा उजेड. अडॅप्टरवरचे दाबाचे घड्याळ उडाले. माझ्या डाव्या हाताची तीन बोटे आणि मनगट भाजले. खिडकीचा पडदा जळाला. चावी बंद केल्यावर आग लगेच थांबली. बाबा पुढच्या खोलीत होते, नियमाप्रमाणे. धुरामुळे त्यांना त्रास झाला. एक रात्र दवाखान्यात ठेवले, काल घरी आणले. आज सकाळी ९०.

कारण विचारशील. आट्यांना तेल लागले होते. ते मी लावले. आटे घट्ट जात होते म्हणून सवयीने लावले. चूक पूर्णपणे माझी आहे.

आत्या म्हणते, तू रविवारी १२ तारखेला बाबांना न्यायला येते आहेस. बाबांची औषधे, रिपोर्ट आणि रोजच्या नोंदींची वही एका पिशवीत भरून ठेवतो.

उजवा हात ठीक आहे, त्यामुळे लिहायला अडचण नाही.

अंकित

*

गुरुवार, दि. ९ ऑक्टोबर २०२५. सकाळी ७ वाजता.

ताई,

हे पत्र स्पीड पोस्टने पाठवतो आहे. परवापर्यंत मिळेल. तू रविवारी येऊ नको, आम्हीच येतो, एवढाच निरोप आत्याने तुला काल दिला. ती म्हणाली, तू विचारलेस, "आता हे काय नवीन?" ते सांगतो.

आधीच्या पत्रातल्या दोन गोष्टी खोट्या आहेत.

परवा, मंगळवारी संध्याकाळी, सप्लायरची माणसे जम्बो घेऊन गेली. डिपॉझिट परत दिले. बाबा ओट्यावर खुर्चीत बसून ते बघत होते. टेम्पो वळला तसे ते म्हणाले, "बस इकडे."

मी बसलो.

"चुडीले तेल तूच लावलं, असं पोरीले लिवलं म्हंते यमू."

"हौ."

"काहून?"

मी हातावरची पट्टी नीट करत राहिलो.

"तेल मी देलं," बाबा म्हणाले. "तुह्या मायच्या शिलाई मशीनची कुप्पी हाये ना, तिच्यातलं. चार थेंब. फिरवून पाहिलं, कशी लोण्यावानी फिरे. मंग फडक्यानं पुसलं. मंग कुंकू लावलं."

"मले माहीत व्हतं, बाबा."

"तुले माहीत व्हतं तं जोडलं कसं?"

याचे उत्तर तुलाही द्यायला हवे, म्हणून लिहितो. तू लहानपणापासून बघितले आहेस. खांडेनवमीला बाबा कारखान्यात जाऊन लेथ पुसत, तेल देत, मग कुंकू आणि झेंडूचे फूल. तेल दिल्याशिवाय त्यांनी कधी कुंकू लावले नाही. नोकरी सुटल्यावर घरात पूजायला पकड, कानस आणि आईची शिलाई मशीन एवढेच उरले. त्या दिवशी मी दुकानातून घरी आलो तेव्हा अडॅप्टरवर कुंकवाचे बोट होते. जम्बोच्या गळ्यात झेंडू होता. बाबा पुढच्या खोलीतून म्हणाले, "आज त्याले हात नको लावू. आज मशीनले सुट्टी असते." मी म्हणालो, उद्या जायचे आहे ना, मग आज भरावेच लागेल.

कुंकू मी कोरड्या फडक्याने पुसले. कुंकू आहे म्हणजे त्याच्या आधी तेल झाले असणार, हे बाबांच्या घरात वाढलेल्या माणसाला सुचायला हवे होते. चार वाजून वीस मिनिटे झाली होती. पाचला बाबांना चौकात न्यायचे होते. मी आट्यांच्या आत बघितले नाही. सहावा नियम भिंतीवर माझ्या डोक्याच्या मागे होता.

जोडल्यावर कळले. उजेड दिसला तेव्हाच कळले की तेल आहे आणि कुणी दिले आहे.

दुसरी गोष्ट. चावी मी बंद केली नाही. मी तसे स्पष्ट लिहिले नव्हते, पण वाचणाऱ्याला तसे वाटावे अशी वाक्यरचना केली होती. माझा हात पेटला तसा मी मागे झालो आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. मला चावी दिसत होती. तिथपर्यंत जाता आले नाही. बाबांनी नाकातली नळी काढून टाकली आणि पुढच्या खोलीतून चालत आले. चौदा पावले आहेत, मी नंतर मोजली. पलंगावरची सतरंजी हातावर गुंडाळून त्यांनी चावी फिरवली. उजवीकडे, तीन वेळा, घाई न करता, लेथ बंद करायचे तशी. मग तीच सतरंजी माझ्या हातावर टाकली आणि खाली बसले. आकडा ७४ होता. ओठ निळे झाले होते. धम्मानंदकाका चौकातून धावत आले. त्यांनी बाबांना उचलून कॉन्सन्ट्रेटरजवळ नेले. उचलताना शिव्या देत होते. "मराचं हाये तं कळमेश्वरातच मराचं व्हतं ना गा, कंपनीनं पैसे तरी देले असते!" आणि रडत होते.

खोटे का लिहिले ते तुझ्यासमोर ठेवतो. तू बाबांना नेणार हे ठरलेलेच होते. तेल त्यांनी दिले हे तुला कळले असते तर तू त्यांना काही बोलली नसतीस, पण ते कळले आहे हे त्यांच्या लक्षात आले असते. आपल्या हाताने मुलाचा हात भाजला, हे घेऊन त्यांनी पुण्याला जाऊ नये असे मला वाटले. माझ्या नावावर एक गोष्ट तुझ्याकडे आधीच आहे. तिच्यावर दुसरी ठेवली तर वजन फार वाढणार नाही, असा हिशेब केला.

बाबांना हा हिशेब मान्य नव्हता.

"आमच्या शॉपात," ते म्हणाले. मध्ये दोनदा थांबले, मी वेळ देत होतो. "आमच्या शॉपात लेथवरचा जॉब बिघडला का ज्याचा हात त्याच्या कार्डावर चढे. धम्मानंदनं एकदा माहा बिघडलेला जॉब आपल्या कार्डावर घेतला. नवीन लग्न झालतं माह्यं, म्हून. फोरमननं दोघाईची हजेरी कापली. त्याची लबाडीची अन् माही गप्प राह्याची." मग म्हणाले, "तेलाचं माह्या कार्डावर चढव. न पाहता जोडलं, ते तुह्या. लिव तिले."

मी म्हणालो, लिहितो.

"अन् ते पोरगी मले न्याले येऊन राहिली म्हंते. मी का पार्सल होय? कोणी मले इचारलं?"

ताई, हे खरे आहे. मी वही भरली, तू तिकीट काढले, आत्याने निरोप दिले. बाबांना कुणीच विचारले नव्हते. मी त्यांना तेव्हा विचारले. म्हणालो, तुम्हाला जायचे नसेल तर मी ताईला तसे लिहितो. मला हे विचारताना उत्तर काय यावे असे वाटत होते ते मी लिहीत नाही.

बाबांनी चौकाकडे बघितले. टपरीवर दिवा लागला होता. धम्मानंदकाकांनी तिथून हात केला, बाबांनी इकडून केला.

"जातो," ते म्हणाले. "तिले मायचं तोंड पाह्याले भेटलं नाही. ते म्हून तुह्यावर चिडून राहिली, दुसरं काही नाही. मले तं पाहू दे तिले." मग म्हणाले, "पण येण्याचं तिकीट आत्ताच काढ. लंबी तारीख घे. रेल्वे जेवढी देते तेवढी."

रेल्वे साठ दिवसांपुढचे तिकीट देत नाही. काल रात्री मी दुकानाच्या कॉम्प्युटरवर बघितले. आज आरक्षण उघडले की ८ डिसेंबरचे मिळेल. म्हणजे तुझ्याकडे आठ आठवडे. त्यानंतर ते घरी येतील असे ते म्हणतात. तुला वेगळे वाटले तर तू त्यांच्याशी बोल, माझ्याशी किंवा आत्याशी नको. ते त्यांचे त्यांना ठरवता येते.

आम्ही सोमवारी, १३ तारखेला इथून निघतो. गाडी पंधरा तास घेते. दोन लिटरच्या वेगाने १,८०० लिटर लागतील. भाड्याचा मधला सिलेंडर १,५०० आणि दोन लहान मिळून ४८०. १८० लिटर उरतात, म्हणजे गाडी दीड तास उशिरा आली तरी चालेल. त्याहून उशीर झाला तर डब्यातल्या प्लगवर कॉन्सन्ट्रेटर चालते का ते बघणार आहे, चालेलच असे नाही. म्हणून तू मंगळवारी सकाळी फलाटावर एक भरलेला सिलेंडर घेऊन उभी राहशील का? डॉक्टरांचा दाखला घेतला आहे. तिन्ही सिलेंडर प्लांटवर भरून घेतो, पावत्या सोबत ठेवतो. मोठ्यातून लहानात भरणे बंद केले आहे, ते मी पुन्हा करणार नाही. बाबा परत आले की चौकात आठवड्यातून दोनदा जाता येईल, प्लांटवर एकाच खेपेत दोन्ही लहान भरून. त्यांना सांगितले. ते म्हणाले, "दोनदा तं दोनदा. धम्मानंदले म्हणू, बाकीचे दिवस तू ये गा ओट्यावर."

तुझा सिलेंडर कोणत्या तोंडाचा आहे ते आत्याला सांगून ठेव. मी त्याला बसणारे रेग्युलेटर इथून घेऊन येतो.

खर्चाचा हिशेब खाली आहे. तू मागितलेला नाही. तरी असावा.

झालेला खर्च:
अडॅप्टर, दाबाच्या घड्याळासह: २,३५० (जळाला)
जम्बोची भरती, तीन वेळा: १,९५०
माझी मलमपट्टी, बाबांची एक रात्र, पडदा: १,४४०
मधल्या सिलेंडरचे भाडे आणि भरती: ९००
लहान दोन, प्लांटवर: ४४०
नागपूर ते पुणे, दोघांची तिकिटे: ३,२४०
पुणे ते नागपूर, माझे, १५ ऑक्टोबर: ५१५
एकूण: १०,८३५

जम्बोचे डिपॉझिट ५,००० गेले होते, ते पूर्ण परत आले, म्हणून बेरजेत नाही. फ्लेक्सचे पैसे मालकांनी घेतले नाहीत. बाबांचे ८ डिसेंबरचे तिकीट ते स्वतःच्या पेन्शनमधून काढत आहेत. तेही बेरजेत धरू दिले नाही.

देणे:
यमुआत्या: २,०००
दुकानाचे मालक, उचल: ३,०००
अश्लेषाताई: ८,०००

शेवटची रक्कम तू १९ एप्रिल २०२१ च्या रात्री माझ्या खात्यात टाकली होतीस, आईला न्यायला अ‍ॅम्ब्युलन्ससाठी. मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली नाही. त्यानंतर चार वर्षे तीन महिने त्या पैशांना हात लावला नव्हता. अडॅप्टर, डिपॉझिट आणि पहिला जम्बो त्यातूनच घेतला. बरोबर ८,००० झाले. परत आलेले पाच हजार रोख आणतो आहे. राहिले ३,०००.

अंकित